गोटबाईंचा मेमो

तपासणीच्या वहीत ते वाक्य लिहिलं गेलं तेव्हा मी त्या वहीपासून चार हातांवर उभी होते. म्हणून हे मलाच सांगायला हवं. आणखीही तिघं-चौघं तिथं होती, पण ती काही सांगतील असं मला वाटत नाही.

आमच्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या खोलीला चिकटून, शिवणखोली आहे. लांबट, बोळासारखी. एक खिडकी, दोन पायमशीनं आणि कापायचं एक टेबल, त्याचा एक पाय विटेवर टेकवलेला. भिंतीपलीकडे बॉयलर असल्यामुळे थंडीत साऱ्या इमारतीत तेवढी एकच खोली ऊबदार, आणि उन्हाळ्यात तिथं नुसतं उभं राहिलं तरी पाठ घामानं भिजायची. त्या खोलीत गोटबाईंनी पंचवीस वर्षं काढली.

गोटबाई हे नाव लॉन्ड्रीतल्या काकांनी थट्टेत पाडलं आणि ते चिकटलं. गोट म्हणजे रजईच्या चारी कडांना दुमडून शिवतात ती पट्टी. बाई सगळंच शिवायच्या, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, पडदे. पण त्यांचा जीव होता तो गोटात. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत, आणि मनात एक नि ओठावर दुसरं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. त्यामुळे कार्यालयात त्यांचे मित्र कमी होते.

रजई मध्ये फाटत नाही. ती कडेला फाटते, त्यातही गळ्याशी. दुखणाईत माणूस ती कड मुठीत धरून ओढतो, कळ आली की दातांत धरतो, कोणी बघत नसलं की तिनंच डोळे पुसतो. कड उसवली की कापूस बाहेर डोकावतो, आणि कापूस दिसला की रजई निकामी ठरवून फेकायची, अशी आमच्याकडे पूर्वापार रीत होती. बटण तुटलं म्हणून कोणी सदरा फेकतं का, असं बाई नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मेट्रनबाईंना म्हणाल्या होत्या.

चादरीचं उलटं. ती मध्ये विरते आणि बाजू धडधाकट राहतात. म्हणून बाद झालेल्या चादरींच्या बाजू, जुन्या पडद्यांच्या खालच्या दुमडी, शस्त्रक्रियेच्या खोलीतलं हिरवं कापड, जुन्या डगल्यांचे धड उरलेले तुकडे, असं सगळं बाई साठवायच्या. त्यातून चार बोटं रुंदीच्या पट्ट्या काढायच्या आणि टोकाला टोक जोडत लांबच लांब करायच्या. जोड कधी सरळ मारायच्या नाहीत, तिरपाच. सरळ जोडाची सगळी जाडी दुमडल्यावर एका जागी येते आणि तिथं गाठ टोचते. तिरप्या जोडात ती पसरते, बोटाला लागतही नाही. मग पट्टी मधोमध दुमडून इस्त्री, रजईच्या एका अंगानं मशीनची शिवण, वळवून दुसऱ्या अंगाला हातानं टाके. कोपरे चिमटीत मुडपून असे बसवायच्या की वहीचा कोपरा वाटावा. गोट पुरा झाला की स्वतःची हनुवटी त्यावरून फिरवून बघायच्या. कुठं खुपलं तर तेवढं उसवून पुन्हा.

मी एकदा विचारलं होतं, नव्या कापडाचा गोट का नाही करत? मी काही बालिश बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. नवं कापड पहिल्या गरम धुण्याला आटतं आणि कड गोळा होते, असं त्यांनी सांगितलं. ह्या पट्ट्या शंभर वेळा उकळून निघालेल्या. जेवढं आटायचं, जेवढा रंग सोडायचा, तेवढं सगळं होऊन गेलेलं. आता त्या रजईपेक्षा जास्त टिकतील.

रंगांचं तर पुढं शास्त्रच झालं. सुरुवातीला जी पट्टी हाताला येईल ती लागायची. पण आमच्याकडे सगळ्या कक्षांचे मळके कपडे लॉन्ड्रीत एकाच ढिगात पडायचे, आणि काका बिचारे वेगवेगळे करताना वैतागून जायचे. छातीच्या विकारांच्या कक्षातलं सगळं वेगळं काढून उकळावं लागतं, कारण तिथलं दुखणं पसरतं. काकांना अक्षरं वाचताना त्रास व्हायचा, पण रंग लांबून ओळखता यायचे. मग दोघांनी मिळून ठरवलं. छातीच्या कक्षाला जुन्या जाड पडद्यांचा तपकिरी गोट, शस्त्रक्रियेवाल्यांना हिरवा, मुलांच्या कक्षाला निळा, मी सिस्टर होते त्या बाळंतिणींच्या कक्षाला फुलाफुलांचा. हे कोणी सांगितलं नव्हतं, कुठं लिहिलेलं नव्हतं, त्याची सभा झाली नव्हती. दोन शहाण्या माणसांनी चहा पिता पिता ठरवलं आणि चौदा वर्षं ते बिनबोभाट चाललं. मेट्रनबाईंना माहीत होतं. मला माहीत होतं. कार्यालयाला माहीत नव्हतं, कारण कार्यालयातलं कोणी कधी लॉन्ड्रीत उतरलंच नव्हतं.

मग वरून तपासणीचे साहेब आले. आदल्या दिवशी भिंतींना रंगाचा हात मारून घेतला होता, फरशा घासल्या होत्या, रोग्यांना दाढ्या करायला लावल्या होत्या. साहेब माझ्या कक्षात शिरले. मागं अधीक्षक, मेट्रनबाई, आणि वही धरलेला कारकून. साहेबांनी एका बाळंतिणीच्या अंगावरच्या रजईचा कोपरा दोन बोटांच्या चिमटीत उचलला. मेलेली पाल उचलावी तसा.

अधीक्षक लगेच हसून म्हणाले की जुन्या काळची पद्धत आहे, बदलायचीच आहे. खरं तर ते स्वतः तो गोट पहिल्यांदाच बघत होते. मेट्रनबाईंनी बाईंना बोलावणं पाठवलं. बाई तशाच आल्या, गळ्यात टेप, पदराला टाचण्या. आपलं काम कोणीतरी बघतंय म्हणून चेहरा उजळलेला. तो चेहरा मला अजून छळतो.

"साहेब, प्रत्येक कक्षाचा रंग वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "तपकिरी गोट दिसला की लॉन्ड्रीत समजतं, हे छातीच्या—"

"बाई, चिंध्या त्या चिंध्याच," साहेब म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळलेसुद्धा.

वाक्य पुरं करायलाही मिळालं नाही. मेट्रनबाईंनी खाली बघितलं. मी रोग्याच्या तक्त्याकडे बघितलं, त्या तक्त्यात बघण्यासारखं काही नव्हतं तरी. दोघीही मूग गिळून बसलो. वहीत लिहिलं गेलं: 'रजयांच्या कडांना लावलेल्या रंगीबेरंगी चिंध्या तातडीने काढाव्यात. त्यामुळे संस्थेस अवकळा येते.'

दोनशे चाळीस रजया. अधीक्षकांनी पांढऱ्या तयार फितीची रिळं मागवली आणि बाईंना हुकूम दिला, जुने गोट उसवा आणि ही फीत लावा. ज्यांनी लावले त्यांच्याच हातानं उसवायचे. ह्यात काही वावगं आहे हे हुकूम देणाऱ्याच्या गावीही नव्हतं.

बाई कार्यालयात गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते कारकुनानं मागाहून सांगितलं. फीत लावायला माझी ना नाही, असं त्या म्हणाल्या, फाटलेल्या रजईला लावते. पण धड असलेला गोट मी उसवणार नाही. कापड धड आहे, टाका धड आहे, तो का उसवू, ह्याचं कारण द्या. अधीक्षकांनी कारण म्हणून वही दाखवली. बाई म्हणाल्या, हे कारण नाही, हे मत आहे. चौथ्या दिवशी त्यांच्या हातात मेमो पडला: 'निकृष्ट काम करणे व वरिष्ठांच्या आदेशाचा अवमान करणे.' एकवीस वर्षांत पहिला.

अवमानाचं एक वेळ समजलं असतं. पण निकृष्ट? तो शब्द त्यांनी मला तीनदा वाचून दाखवायला लावला, जणू माझ्या वाचण्यात चूक असावी.

उसवायला रोजंदारीवरच्या दोघींना आणलं. त्यांचा दोष नव्हता. जे सांगितलं ते त्या करत होत्या. टाके बारीक म्हणून ते काढायला वेळ लागायचा, तेव्हा त्या सरळ पातं घालून फाडायच्या, आणि दहातल्या तीन रजयांचं कापडही त्यात जायचं. बाईंना समोरच्या कोपऱ्यात जखमेची जाळीदार पट्टी कापायला बसवलं होतं. आठवडाभर त्यांच्या डोळ्यांदेखत ते चाललं. निघालेल्या पट्ट्यांचं बाईंनी विचारलं, निदान त्या तरी ठेवा. पण त्या पोत्यात भरून बॉयलरमध्ये गेल्या. मधे एक भिंत. कापड जळल्याचा वास शिवणखोलीत येत होता.

त्यानंतर बाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं. रस्त्यात भेटल्या तर मान हलवायच्या, बस. माझी काही तक्रार नाही. बोलायची वेळ होती तेव्हा मी तरी कुठं तोंड उघडलं होतं?

पांढऱ्या फितीनं पहिल्याच धुण्यात आपला गुण दाखवला. फीत आटली, रजयांच्या कडा वाळलेल्या पानासारख्या आत वळल्या, आणि गळ्याशी अशी कडक दोरी झाली की माझ्या बाळंतिणी रजई उलटी पांघरू लागल्या. ते चालवून घेतलं असतं. खरी अडचण ढिगात होती. काका कार्यालयात जाऊन सांगून आले की आता मला काही ओळखू येत नाही. त्यांना काळ्या शाईचं पेन मिळालं, फितीवर कक्षाचं नाव लिहा म्हणून. ज्या माणसाला वाचताना कष्ट पडतात त्याच्यावर लिहायची कामगिरी! शाई दोन धुण्यांत निघून गेली.

तीन आठवड्यांनी, सकाळच्या फेरीत, दोन दिवसांच्या बाळावर घातलेली रजई मी सारखी करत होते. फितीवर पुसट अक्षरं दिसली. खिडकीशी नेऊन वाचलं: छाती, नऊ.

बाळाला उचलून आधी बाजूला केलं. मग सगळ्या खाटांच्या रजया उलटसुलट करून बघितल्या, आणि छातीच्या कक्षातल्या सात निघाल्या, माझ्या बाळंतिणींच्या अंगावर. काकांना बोलावून विचारलं. त्या सातही न उकळता साध्या धुण्यातून आल्या होत्या. बाळांची तपासणी झाली, पुढचे काही महिने लक्ष ठेवलं. कोणाला काही झालं नाही. नशीब म्हणायचं, दुसरं काही नाही.

आता तरी कोणीतरी म्हणेल की चुकलं, असं मला वाटलं. मी भोळी. दोन दिवसांनी कार्यालयातून दुसरा मेमो निघाला, आणि तोही गोटबाईंनाच: 'गोटांच्या रंगांवरून कक्षांची ओळख पटत असल्याची माहिती वरिष्ठांस न देता दडवून ठेवली, त्यामुळे रुग्णांच्या जिवास धोका उत्पन्न झाला.' चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण त्या टंकलिखित करून सही-शिक्क्यानिशी पाठवतात हे मला तेव्हा समजलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. ते अधीक्षकांच्या वरचे, स्वभावानं वाईट नव्हते, पण भांडण म्हटलं की त्यांचं पोट दुखायचं. अधीक्षक, मेट्रनबाई, काका, मी आणि गोटबाई. खुर्च्या चार होत्या. काका आणि बाई उभे.

अधीक्षकांनी सुरुवात केली की शिवणखोलीतून वेळेवर माहिती आली असती तर हा प्रसंग टळला असता. ते बरंच बोलले. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. ते थांबल्यावर त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"डॉक्टरसाहेब, ह्या पहिल्या कागदात म्हटलंय की माझं काम निकृष्ट, म्हणजे मी चिंध्या लावल्या. ह्या दुसऱ्यात म्हटलंय की त्या खुणा होत्या आणि मी त्या लपवल्या. चिंध्या असतील तर लपवलं काय? आणि खुणा असतील तर जाळल्या का? दोन्हींतलं एक काय ते ठरवा. मग जे ठरेल त्याची शिक्षा मला द्या."

अधीक्षक म्हणाले की मुद्दा तो नाही, मुद्दा असा की बाईंनी सांगितलं नाही.

तेव्हा मी उठले. उशीर झाला होता, पण उठले. म्हटलं, सांगितलं होतं. तपासणीच्या दिवशी, माझ्या कक्षात, तिसऱ्या खाटेपाशी. 'तपकिरी गोट दिसला की लॉन्ड्रीत समजतं', इथपर्यंत त्या बोलल्या होत्या, पुढचं बोलू दिलं नाही. साहेब तिथं होते, तुम्ही होता, मेट्रनबाई होत्या, मी होते. आम्ही तिघांनी ऐकलं आणि तिघंही गप्प बसलो. माहिती दडवली असेल तर ती आम्ही दडवली. मेमो काढायचाच असेल तर माझ्या नावानं काढा.

मेट्रनबाई हळूच म्हणाल्या, "सिस्टर म्हणतायत ते खरं आहे." मला वाटतं त्यांनाही ते महिनाभर खुपत असणार.

मोठ्या डॉक्टरांनी दुसरा मेमो तिथल्या तिथं फाडला. मग ते चांगल्या मनानं जे बोलायचं ते बोलले: झालं गेलं विसरून जाऊ, रोग्यांचं हित बघू, बाई, तुम्ही पुन्हा रंगीत गोट सुरू करा. बाईंनी विचारलं, आणि पहिला? डॉक्टर म्हणाले की तो तपासणीच्या शेऱ्यावरून निघालेला आहे, वरच्या कार्यालयात त्याची प्रत गेलीय, त्यात आता हात घालता येत नाही. पण तो काही मनावर घ्यायचा नाही.

"मी मनावर घेतला नाही तर तो खोटा होतो का?" बाईंनी विचारलं.

आठवड्यात नवा हुकूम भिंतीवर लागला: 'संसर्ग टाळण्यासाठी कक्षनिहाय रंगीत गोटांची पद्धत सुरू करण्यात येत आहे.' सुरू करण्यात येत आहे! चौदा वर्षं चाललेली गोष्ट. कोणाचं नाव नाही. खाली अधीक्षकांची सही. पुढं कोणी पाहुणे आले की अधीक्षक तो कागद दाखवायचे.

बाई मशीनवर बसल्या. त्यांनी आडमुठेपणा केला असता तर मला आनंदच झाला असता, पण त्या म्हणाल्या, भांडण कार्यालयाशी आहे, रजई पांघरणाऱ्यांशी नाही. जुन्या पट्ट्यांचा साठा राख झाला होता, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. बाद चादरी मिळतील तशा, पडदे मिळतील तसे. आधी छातीच्या कक्षाचे, मग मुलांचे. त्या रोजंदारीवरच्या दोघींतली एक मदतीला दिली होती. पहिला महिना बाई तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. मग एक दिवस तिनं मारलेल्या तिरप्या जोडावरून हनुवटी फिरवली आणि म्हणाल्या, हं, खुपत नाही. दोनशे चाळीस रजया पुऱ्या व्हायला चौदा महिने लागले.

मेमोबद्दल त्या दर वर्षी, त्याच तारखेला, अर्ज करत राहिल्या. निकृष्ट कामाचा शेरा खोटा आहे, तो काढून टाकावा. दोन ओळी, खाली सही. कारकून पोच द्यायचा, उत्तर यायचं नाही. चार अर्ज नोकरीत असताना गेले, दोन निवृत्त झाल्यावर. निरोपाच्या दिवशी अधीक्षकांनी भाषणात त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं. बाई समोर ताठ बसून होत्या. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी हात मांडीवरून हलवले नाहीत.

ते अधीक्षकही गेले. नवे आले, तरुण, कागद साफ करायची हौस असलेले. आता मेट्रनच्या खुर्चीत मी आहे, तेव्हा सहावा अर्ज मी स्वतः त्यांच्या टेबलावर ठेवला आणि जागची हलले नाही. त्यांनी फाइल मागवली, वाचली, डोकं खाजवलं. पंधरा दिवसांनी पत्र निघालं. ते टपालानं पाठवू न देता मी घेऊन गेले.

बाईंचं घर दोन खोल्यांचं. त्यांचे यजमान दारात बसून खुर्चीचा पाय तासत होते. ते सुतार, त्यांचीही निवृत्ती झालेली, पण हात स्वस्थ बसत नाही. बाईंनी चष्मा लावला आणि उभ्यानंच वाचलं. 'सदर मेमो याद्वारे रद्द करण्यात येत आहे.' एवढंच. मी हसत त्यांच्याकडे बघत होते. सहा वर्षांची लढाई जिंकल्यावर माणूस काय करतं ते बघायचं होतं.

त्यांनी कागद उलटून मागची बाजू बघितली. ती कोरी होती.

"रद्द म्हणजे काय?" त्या म्हणाल्या. "सभाही रद्द होते, पावसानं खेळही रद्द होतो. काम निकृष्ट नव्हतं असं कुठं लिहिलंय?"

मी म्हटलं, बाई, ह्याहून जास्त ते कधीच देत नाहीत. एवढं मिळालं हेच पुष्कळ.

"तुला पुष्कळ असेल," त्या म्हणाल्या. मग कागदाची घडी घालत, "तू आणलंस, बरं केलंस. बस, चहा ठेवते." आणि आत जाता जाता यजमानांना सांगितलं, कपाटावरचा कोरा कागद काढा, तारीख घाला.

यजमानांनी रंधा खाली ठेवला, माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला, आणि कागद आणायला उठले.